जुन्या बुद्धिबळपटूंचं रेटिंग कसं काढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या ओसरीवर आम्ही आठ-दहा पट मांडतो. मुलं खेळतात, म्हातारी मंडळी न विचारता चुका दाखवतात. साडेदहाला सेवउसळ आली की पट बाजूला सरकतात आणि वाद सुरू होतो. एकोणिसाव्या शतकातला मॉर्फी मोठा की आजचा कार्लसन? सुलतान खान आज असता तर गुकेशपुढे टिकला असता का? प्रश्न तेच, फक्त विचारणारी मुलं दर दोन वर्षांनी बदलतात. आता मला दर वेळी पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

‘एलो रेटिंग’मधलं एलो हे कशाचं लघुरूप आहे?

कशाचंच नाही, ते आडनाव आहे. अर्पाद एलो मूळचे हंगेरीचे. अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवायचे आणि स्वतः चांगले खेळायचे. खेळाडूची ताकद आकड्यात सांगायची त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली घेतली आणि फिडेने, म्हणजे जागतिक संघटनेने, १९७० साली. त्यामुळे ई-एल-ओ असं सुटंसुटं वाचू नका.

रेटिंग नेमकं काय मोजतं?

बडोद्याच्या माणसाला हे सांगणं सोपं आहे. सयाजीबागेतल्या संग्रहालयात गामा पैलवानाने १९०२ साली उचललेला म्हणून एक दगड ठेवलाय. वजन बाराशे किलो सांगतात. (एवढं वजन एकट्या माणसाने छातीपर्यंत घेतलं हे मला पटत नाही, पण ते असो.) दगडाचं वजन तेव्हा होतं तेवढंच आज आहे. उद्या कुणी तो उचलला तर गामाशी तुलना सरळ होईल. कुस्तीचं तसं नसतं. कुस्तीत तुम्ही कुणाला पाडलं एवढंच कळतं, आणि तो किती तगडा होता हे त्याने कुणाला पाडलं त्यावरून.

एलो रेटिंग म्हणजे कुस्ती. दोघांमध्ये १०० गुणांचा फरक असेल तर वरच्याला शंभर डावांत साधारण ६४ गुण मिळावेत, २०० चा असेल तर ७६, ४०० चा असेल तर ९१. हा हिशोब १२०० आणि १४०० वाल्यांना जसा लागू तसाच २६०० आणि २८०० वाल्यांना. उद्या जगातल्या प्रत्येकाच्या रेटिंगमध्ये हजार गुण मिळवले तरी एकाही डावाचा अंदाज बदलणार नाही. म्हणजे आकड्याला स्वतःची उंची नाही, दोन आकड्यांमधलं अंतर तेवढं खरं. पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीतून निघतो.

मग ज्यांच्या काळात रेटिंगच नव्हतं, त्यांना आकडा कसा देतात?

एक उदाहरण हाताने सोडवू. डिसेंबर १८५८, पॅरिस. एकवीस वर्षांचा पॉल मॉर्फी आजारी, हॉटेलच्या पलंगावर पडलेला. समोर अडॉल्फ आंडरसेन, वय चाळीस, पेशाने मास्तर, नाताळच्या सुट्टीत आलेले. अकरा डाव झाले. मॉर्फीने सात जिंकले, दोन हरले, दोन बरोबरीत सुटले. अकरापैकी आठ गुण, म्हणजे ७३ टक्क्यांच्या आसपास. सूत्रात घातलं की फरक येतो साधारण १७० गुणांचा.

आता आंडरसेन २५०० चे धरले तर मॉर्फी त्या सामन्यात २६७० चा खेळला. आंडरसेन २३०० चे धरले तर २४७० चा. सामना फक्त १७० सांगतो, बाकीचं आपण धरलेलं. आणि तो १७० तरी पक्का कुठे? अकरा डावांत नुसत्या नशिबाने शंभर-दीडशे गुण इकडचे तिकडे होऊ शकतात.

आंडरसेनचा आकडा ठरवायला त्यांचे दुसऱ्यांशी झालेले सामने बघायचे, त्या दुसऱ्यांचे तिसऱ्यांशी. अशी साखळी आजपर्यंत येते. आंडरसेनना १८६६ मध्ये स्टाइनिट्झने हरवलं, स्टाइनिट्झना १८९४ मध्ये लास्करने, लास्करना १९२१ मध्ये कापाब्लांकाने, त्याला १९२७ मध्ये आलेखाइनने. तिथून ऑइवे, बोत्विन्निक, स्पास्की, फिशर, कार्पोव, कास्पारोव, आपला आनंद आणि २०१३ मध्ये कार्लसन. नुसते जगज्जेते नाहीत, त्यांच्या आजूबाजूच्या शेकडो खेळाडूंचे हजारो निकाल एकदम संगणकात घालतात आणि सगळ्यांत कमी विसंगती येईल असे आकडे शोधतात.

साखळीत एक खोट आहे. वरची जोडी-जोडी पुन्हा बघा. १८९४ साली लास्कर पंचविशीत होता आणि स्टाइनिट्झ अठ्ठावन्नचे. १९२१ साली तोच लास्कर बावन्नचा. जवळजवळ प्रत्येक कडीत एक जण चढतीला आणि दुसरा उतरणीला. दोघेही ऐन भरात असताना भेटलेत असं फार कमी वेळा होतं. उतरणीवरचा माणूस किती उतरला हे तुम्ही कसं धरता, त्यावर पुढच्या आख्ख्या पिढीचे आकडे वरखाली होतात. आमच्या ओसरीवरच्या वादात हा मुद्दा कुणी काढत नाही. मला तर तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

अशा याद्या कुणी केल्या आहेत?

पहिली मोठी यादी खुद्द एलोंची, १९७८ ची. त्यांनी प्रत्येकाची सर्वोत्तम पाच वर्षं घेऊन सरासरी काढली. कापाब्लांका २७२५, लास्कर आणि बोत्विन्निक २७२०, ताल २७००, मॉर्फी २६९०. नंतर जेफ सोनास यांनी चेसमेट्रिक्स केलं, त्यात १८४३ पासून महिन्यामहिन्याचे आकडे आहेत. रॉड एडवर्ड्स यांची एडो नावाची यादी आणखी मागे जाते. मोहरं सवलतीत देऊन खेळलेले डावसुद्धा त्यांनी हिशोबात घेतलेत. एकोणिसाव्या शतकासाठी मी तीच उघडतो.

एलोंच्या यादीत कापाब्लांका २७२५ आणि चेसमेट्रिक्समध्ये २८६६. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. एक पाच वर्षांची सरासरी, दुसरी एका वर्षाची, आणि दोघांचा शून्य वेगळ्या ठिकाणी. एका यादीतला आकडा दुसऱ्या यादीतल्या आकड्याशी कधीच ताडू नका. अर्ध्याअधिक भांडणं तिथेच मिटतील. त्यात चेसमेट्रिक्स कमी खेळणाऱ्याला खाली ओढतं, बसून राहिलात की गुण गळायला लागतात. स्टाइनिट्झसारख्याचं यात नुकसान होतं. १८७३ च्या व्हिएन्ना स्पर्धेनंतर १८८२ पर्यंत त्यांनी गंभीर असा जवळपास एकच सामना खेळला, तो १८७६ चा, आणि त्यात ब्लॅकबर्नला ७-० ने धुतलं. आता या नऊ वर्षांत ते वाढले की गंजले, ते सात डावांवरून ठरवा.

रेटिंग फुगलंय का? आजचे २७०० म्हणजे पूर्वीचे २६००?

१९७१ च्या फिडेच्या यादीत २७०० च्या वर एकटा फिशर होता, २७६० वर. स्पास्की जगज्जेता असून २६९० वर. आज २७०० वाले डझनांनी मोजावे लागतात आणि कार्लसन मे २०१४ मध्ये २८८२ ला जाऊन आला. यावरून ‘फुगलं’ असं म्हणणारे बरेच आहेत.

पण फुगणं म्हणजे तोच खेळ आणि आकडा मोठा. खेळही तितकाच सुधारला असेल तर त्याला फुगणं म्हणत नाहीत. बफेलो विद्यापीठातल्या केनेथ रीगन यांनी डावांमधल्या चुका इंजिनने, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामने, मोजल्या. (फसवणूक पकडायलाही त्यांचीच पद्धत वापरतात.) त्यांना आढळलं की सत्तरच्या दशकातला अमुक रेटिंगचा खेळाडू आणि आजचा त्याच रेटिंगचा खेळाडू यांच्या चुका जवळपास सारख्याच भरतात. वरच्या टोकाला फुगवटा फारसा नाही, असं माझंही मत झालंय.

खालच्या टोकाला उलटंच झालं. पोरं कमी रेटिंगने येतात, सहा महिन्यांत दुप्पट ताकदीची होतात आणि आमच्यासारख्यांचे गुण खाऊन वर जातात. शेवटी मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांचे आकडे एकदाच वर ओढले. १५०० वाला एका रात्रीत १७०० झाला. आमच्यातल्या एकाने त्या दिवशी सगळ्यांना जिलबी खाऊ घातली. १९८७ साली तर सुसान पोल्गार सोडून सगळ्या महिलांना सरसकट शंभर गुण दिले गेले होते. दगडाचं वजन असं ठराव करून वाढवता येत नाही.

एवढ्या भानगडी कशाला? सगळे डाव स्टॉकफिश इंजिनला द्यायचे, कोण कमी चुकतो ते बघायचं.

म्हणजे कुस्ती सोडून दगड उचलायला लावायचा. कल्पना चांगली आहे आणि करूनही बघितलीय. ल्युब्लियानाच्या मातेय गुईद आणि इव्हान ब्राटको यांनी २००६ साली जगज्जेतेपदाच्या सामन्यांतले डाव क्राफ्टी नावाच्या इंजिनकडून तपासून घेतले. पहिल्या अकरा चाली सोडल्या, एकतर्फी झालेल्या स्थिती सोडल्या, म्हणजे काम विचाराने केलं होतं. कापाब्लांका पहिला आला. लगेच आरडाओरडा झाला, कारण क्राफ्टी बारा अर्ध्या चालींपर्यंतच, म्हणजे दोघांच्या सहा-सहा चालींपर्यंतच, बघत होतं आणि ज्यांना तपासत होतं त्यांच्यापैकी काहींच्या पुढे ते स्वतःच टिकलं नसतं. २०१७ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ-मार्क आलियो यांनी स्टॉकफिश वापरून मोठं काम केलं, तेव्हा कार्लसन वर आला.

इंजिन बळकट केलं तरी एक अडचण उरते. चुका किती होणार हे माणसावर जेवढं अवलंबून, तेवढंच स्थितीवर. कापाब्लांका मोहरी झडवून, पट साफ करून खेळायचा. साध्या पटावर चुकायला जागाच कमी. १९१६ ते १९२४ या आठ वर्षांत तो ६३ डाव हरलाच नाही, हे उगीच नाही. ताल बरोबर उलटा. तो मुद्दाम पट असा पेटवायचा की दोघांनाही रस्ता दिसू नये, आणि मग समोरचा आधी चुकायचा. घरी बसून इंजिन सांगतं की तालचा घोड्याचा बळी चूक होता. असेल. पण समोरच्याला घड्याळाच्या टिकटिकीत ते सापडलं नाही, आणि गुण तालला मिळाला.

घड्याळाचं आणखी एक. १८६१ पर्यंत वेळेचं बंधनच नव्हतं, मग वाळूची घड्याळं आली. दोन तबकड्यांचं यांत्रिक घड्याळ आलं ते १८८३ च्या लंडन स्पर्धेत. एका चालीला अर्धा-अर्धा तास घेणाऱ्याच्या चुका आणि मिनिटभर उरलेल्याच्या चुका एका तराजूत घालायच्या कशा?

वर आजच्या मुलाच्या पहिल्या वीस चाली बऱ्याचदा पाठ असतात. त्या इंजिननेच शिकवलेल्या. मग इंजिनने त्यालाच शंभरपैकी शंभर द्यायचे, हे घरच्या मास्तरांनी पेपर तपासल्यासारखं झालं.

मोबाइलवर माझी अचूकता ९४ टक्के आली आणि मॉर्फीच्या एका डावाची ८८. मग?

मग काही नाही. तुमच्या समोरच्याने नवव्या चालीला वजीर फुकट दिला होता, मी बघत होतो.

सुलतान खानचं रेटिंग किती भरवशाचं?

वाटतं त्यापेक्षा बरंच. मीर सुलतान खान पंजाबातल्या सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. देशी पद्धतीत वाढलेला, विलायती नियम उशिरा शिकलेला. १९२९ मध्ये तो मालकाबरोबर इंग्लंडला गेला आणि १९३३ च्या अखेरीला परतला. एवढ्या थोड्या काळात १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं, हेस्टिंग्जला १९३०-३१ मध्ये कापाब्लांकावर विजय, १९३१ मध्ये तार्ताकोवरशी सामना जिंकला, आणि ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर, म्हणजे अव्वल जागी. कारकीर्द पाच वर्षांचीही नाही, पण समोर सगळे असे, ज्यांचे आकडे पक्के आहेत. कमी कड्या, पण लोखंडी. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ साली, तो गेल्यावर अठ्ठावन्न वर्षांनी.

मोहेशचंद्र बॅनर्जींचं प्रकरण याच्या उलट आहे. कलकत्त्यातला वकील जॉन कॉक्रेन रजेवर लंडनला गेला असताना तिथला अव्वल खेळाडू स्टॉन्टन याच्याशी शेकडो डाव खेळला होता. परत आल्यावर १८४८ च्या सुमारास त्याला बंगालमध्ये हे गृहस्थ भेटले आणि पुढे बरीच वर्षं दोघे खेळत राहिले. घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवून उंट कोपऱ्याच्या कर्णावर बसवायचा, ही त्यांची रीत. इंडियन डिफेन्स हे नाव तिथूनच आलं. स्टॉन्टन, मग कॉक्रेन, मग मोहेशचंद्र, अशी कडी जुळते. पण ती एकाच माणसातून जाते. कॉक्रेन कलकत्त्याच्या उकाड्यात लंडनइतकाच चांगला खेळत होता असं धरून चालावं लागतं, आणि छापले गेले ते निवडक डाव.

पेशवाईतल्या किंवा संस्थानांतल्या खेळाडूंचं काय?

रेटिंग निघत नाही. ती वेगळी बेटं आहेत, मध्ये पूल नाही. देशी खेळात प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालायचं, किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्या घराचं मोहरं व्हायचं. जिंकण्याचीही प्रतवारी होती. प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची. समोरच्याचा राजा एकटा उरला तर बुर्जी, म्हणजे विजय फिका. त्यामुळे मात दिसत असूनही प्याद्याने करायची म्हणून माणसं आणखी वीस चाली थांबायची. याला इंजिन ‘घोडचूक’ म्हणेल आणि ओसरीवरचे लोक ‘वा!’ म्हणायचे.

त्रिवेंगडाचार्य शास्त्रींनी रचलेल्या स्थितींचं पुस्तक १८१४ साली मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं. त्यातली कोडी आजही घाम फोडतात. पण कोडं रचणं आणि डाव जिंकणं ही दोन कामं आहेत.

मॉर्फी आज अवतरला तर?

पहिला महिना मार खाईल. मग त्याला सहा महिने एक लॅपटॉप आणि सध्याची ओपनिंग्ज द्या. त्यानंतर मी पैज लावणार नाही.

तर मग सर्वश्रेष्ठ कोण?

कुठला प्रश्न विचारताय ते आधी ठरवा. आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा किती पुढे, असा असेल तर मॉर्फी आणि १९७१ चा फिशर. किती वर्षं टिकला, तर कास्पारोव. १९८४ ते २००५ जवळपास सलग पहिला, आणि लास्कर सत्तावीस वर्षं जगज्जेता. दगड कुणाचा जड, तर कार्लसन, आणि त्याच्या नंतरचे कदाचित त्याहून जड उचलतील. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात याच बडोद्यात हजारे आणि गुल महंमद यांनी होळकरांच्या संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली. ती आजच्या गोलंदाजीवर झाली असती का, असं विचारणाऱ्याला माझे काका उठवून लावायचे. माझा स्वतःचा कल पहिल्या प्रश्नाकडे आहे.

आजोबांची डावांची जुनी वही सापडली आहे. त्यावरून रेटिंग निघेल का?

हा प्रश्न मीच स्वतःला विचारला होता. आमच्या आजोबांची लाल कापडी पाठीची वही आहे, ‘रा. प्या. ४’ अशा जुन्या पद्धतीने निळ्या शाईत लिहिलेली. एकूण ४३ डाव. त्यातले ४२ आजोबांनी जिंकलेले. प्रतिस्पर्धी कोण, तर ‘बापू’, ‘पोळीतला मास्तर’, ‘घोडा देऊन, स्टेशनवाला’. हरलेले डाव ते लिहीतच नसत.

शंभर टक्के निकालाला सूत्र ‘अनंत’ असं उत्तर देतं. फिशरने १९७१ मध्ये ताइमानोव आणि लार्सन दोघांनाही ६-० ने हरवलं, तेव्हाही हीच पंचाईत. फिडेचा तक्ता अशा वेळी ८०० च्या फरकावर थांबतो. म्हणजे आजोबा बापूंपेक्षा निदान ८०० ने वर, आणि बापू कोण ते देवाला ठाऊक.

पण त्रेचाळिसावा डाव वेगळ्या अक्षरात आहे. १९६८ चा, काळी मोहरी आत्याची, आत्या तेव्हा पंधरा वर्षांची, आणि खाली दोनदा अधोरेखित ‘मात’. ही एकच कडी आजपर्यंत पोचते, कारण आत्या अजून रोज दुपारी मोबाइलवर खेळते आणि तिथे ती १४०० च्या आसपास आहे. मधली वर्षं, ऑनलाइनचा वेगळा शून्य, सगळं डोळ्यांआड करून मी आकडेमोड केली आणि खात्रीसाठी तिला फोन लावला.

“तो डाव धरू नकोस रे,” आत्या म्हणाली. “त्या दिवशी अप्पांचा चष्मा दुरुस्तीला दिलेला होता.”